बावीसपैकी तीन

आपला क्लब हरतो, याचं पत्र्याखालच्या लोकांना फारसं वाईट वाटत नसे. हरणं चालायचंच. अकरा माणसं घाम गाळून हरली तर त्यांना चार शिव्या घालाव्यात, घरी जाऊन जेवावं आणि पुढच्या रविवारी परत यावं. वाईट वाटे ते क्लब ज्या रीतीनं चालवला जाई त्याचं. समोरच्या गॅलरीत मालक मऊ खुर्चीत बसून हात हलवतोय, आणि त्यानं काल केलेला गाढवपणा आज मैदानावर आपल्या डोळ्यांदेखत फळाला येतोय, हे दर रविवारी उभं राहून बघायचं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पत्रा म्हणजे मैदानाच्या पूर्वेकडचा स्टँड. वर पत्रा, पाठीमागे पत्रा, खाली सिमेंटच्या पायऱ्या आणि छप्पर पेलायला लोखंडाचे बावीस खांब. खुर्ची नावाला एक नाही. गोल झाला की सगळी माणसं मैदानाकडे पाठ फिरवून मागच्या पत्र्यावर दोन्ही मुठींनी धडाधड ठोकायची. हा रिवाज कुणी सुरू केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चार गल्ल्या पलीकडे भांडी घासणारी बाई तेवढ्यावरून सांगायची, आपले किती झाले ते. अलीकडे तिला मोजायला फारसं काही उरलं नव्हतं.

मालक फरशा विकायचा. अकरा वर्षांपूर्वी त्यानं क्लब घेतला तेव्हा आनंदाच्या भरात न्हाव्यानं सगळ्या पत्र्याची फुकट दाढी केली होती. न्हावी त्याबद्दल आजही स्वतःला माफ करत नाही. पहिल्याच वर्षी मालकानं हिरवा शर्ट बदलून विटकरी केला, कारण त्याच्या फरशांचा खोका विटकरी असतो. मग ऐन मोसमात गोलकीपर विकला आणि त्याच्या जागी जो आणला तो चेंडू पकडण्यापेक्षा मागे वळून तो आणायला जाण्यात जास्त तरबेज होता. एका वर्षात चार प्रशिक्षक झाले. त्यातला तिसरा तर खेळाडूंची नावं पाठ व्हायच्या आत घरी गेला. क्लब आधी एक पायरी घसरला, मग आणखी एक. दर खेपेला मालक म्हणायचा, ही नव्यानं उभारणीची संधी आहे. उभारणी करणाऱ्यांची पत्र्याखाली काही कमी नव्हती. तिथं गवंडी होते, सुतार होते, रंगारी होते, पण त्यांना विचारतो कोण?

त्यातलाच एक वेल्डर होता. त्याला सगळे मिस्तरी म्हणत. फाटकं, जाळ्या, जिने, पाण्याच्या टाकीचे मनोरे, शहरातलं निम्मं लोखंड त्याच्या टाक्यांनी जोडलेलं होतं. त्याला पहिल्यांदा पत्र्याखाली आणलं ते त्याच्या भाऊजींनी. थोरल्या बहिणीचं लग्न होऊन महिना झाला होता. नव्या जावयाला मेव्हण्याशी काय बोलावं ते सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "फुटबॉल बघतोस का?" त्या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. भाऊजींचा सगळा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला. एक काना इकडचा तिकडे झाला तर त्यांना जेवण जात नसे. आता गुडघा दुखतो म्हणून ते नवव्या खांबाला टेकून उभे राहत, आणि त्या जागी दुसरा कुणी उभा राहत नसे.

सहा वर्षांपूर्वी मिस्तरीची बहीण गेली. त्यानंतर हे दोघे एकमेकांच्या घरी दोनदा गेले. दोन्ही वेळा खुर्च्यांवर बसले, चहा प्याले, भिंतीवरचा तिचा फोटो सोडून बाकी सगळीकडे बघत राहिले आणि उठले. पत्र्याखाली मात्र भाऊजी खेकसत, "अरे गाढवा, ऑफसाइड होता तो! तुझ्या बहिणीलासुद्धा कळलं असतं." आणि मिस्तरी म्हणे, "तिला कळलं असतं, तुम्हाला कुठं कळतंय?" तिचं नाव तेवढंच आणि तिथंच निघायचं. मिस्तरीला भाऊजी हवे होते, आणि पत्र्याशिवाय दुसरीकडे ते त्याला मिळत नव्हते. त्यानं हे कुणाला बोलून दाखवलं नाही. त्याच्या बायकोला ते न बोलताच कळत होतं, म्हणून रविवारी ती घरातलं एकही काम त्याला सांगत नसे.

न्हाव्याचं दुकान हे चाहत्यांच्या मंडळाचं कार्यालय. अकरा वर्षांत मंडळानं क्लबला सव्वीस पत्रं पाठवली. गोलकीपर परत आणा, शर्ट हिरवा करा, आमचा एक माणूस कमिटीवर घ्या. उत्तर एकदाच आलं. लिफाफ्यात नव्या फरशांचं माहितीपत्रक होतं.

सत्ताविसाव्या पत्राची कल्पना न्हाव्याच्या डोक्यातून निघाली. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा थांबवून तो म्हणाला, "आपण चुकतोय कुठं सांगू? आपण खेळाबद्दल लिहितो. खेळाला कोण भितो? ते भितात कायद्याला. मिस्तरी, पत्र्याचं लोखंड किती जुनं आहे?"

"माझ्या आधीचं आहे."

"मग बघ जरा त्याची तब्येत. तुझा परवाना आहे. परवान्याचा नंबर घालून लिहिलं की झक मारत डागडुजी करावी लागेल. अकरा वर्षांत आपल्या बाजूला रंगाचा डबा उघडला नाही त्यांनी. एकदा तरी आपल्यासाठी हात हलवू दे त्यांना."

मिस्तरीला हे पटलं. मंगळवारी दुपारी तो हातोडी आणि तारेचा ब्रश घेऊन गेला. राखणदार ओळखीचा होता, त्यानं आत सोडलं. मिस्तरीनं एकेक खांब खालून वरून ठोकून पाहिला. धड लोखंड खणखणीत वाजतं, सडलेलं बद्द वाजतं, हे त्याचे कान जाणत होते. एकोणीस खांब खणखणीत वाजले. तीन खांब बुडाशी, पाणी साचतं तिथं, बद्द वाजले. कठड्याचे दोन टाके उकलले होते. त्यानं वहीत तसंच लिहिलं. खांब चौथा, अकरावा आणि बारावा, बुडाशी वीतभर गंज. कठडा दोन ठिकाणी. काम चार दिवसांचं.

संध्याकाळी न्हाव्यानं ते वाचलं आणि वही त्याच्या मांडीवर टाकली. "हे काय? हे वाचून सचिव जांभई देईल."

"आहे ते आहे. वाटलं तर मी स्वतः चार दिवसांत टाके मारून देतो. फुकट."

"फुकट म्हटलंस की त्यांना वेगळाच वास येईल. अरे, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही. परवा माझ्या दुकानासमोरचं गटार तुंबलं तेव्हा मी काय लिहिलं? साथ पसरली असून माणसं मरणाच्या दारात आहेत. दुसऱ्या दिवशी गाडी आली. नुसतं तुंबलंय लिहिलं असतं तर आज तू पोहत आला असतास."

दुकानातले सगळे हसले. गवंड्यानं सांगितलं, त्यानं छत गळतं म्हणून तक्रार केली होती ती छत कोसळलं अशी. सुतारानं तर जिवंत आईला जिन्यावरून पाडलं होतं, कागदावर. शहरात तक्रार लिहायची रीतच तशी होती. लिहिणारा चौपट लिहायचा, वाचणारा चौथा हिस्सा धरायचा, आणि मग कुठं गोष्ट बेताची व्हायची. मिस्तरीनं जरा वेळ मान खाजवली. भाऊजी तिथं असते तर त्यांनी पेन काढून घेतलं असतं, पण त्या दिवशी त्यांचा गुडघा धरला होता. न्हाव्यानं सांगितलं आणि मिस्तरीनं आपल्या अक्षरात लिहिलं: संपूर्ण स्टँड आतून सडला असून तो कोणत्याही क्षणी कोसळून मोठी जीवितहानी होईल. खाली सही, परवान्याचा नंबर, आणि शिक्का.

आठव्या दिवशी उत्तर आलं: आपल्या तक्रारीची तातडीनं दखल घेतली आहे. तिथंच शहाण्या माणसानं कान टवकारायला हवे होते. अकरा वर्षं ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही ते आठ दिवसांत धावत येतात, तर त्यांचं काहीतरी हरवलेलं आपण शोधून दिलेलं असतं. पण आनंदानं माणूस आंधळा होतो. न्हाव्यानं पत्र आरशाला चिकटवलं. क्लबचा सचिव स्वतः मिस्तरीच्या कारखान्यात आला, ठिणग्या उडत होत्या तरी उभा राहिला, आणि म्हणाला, "तुमच्यासारखी जागरूक माणसं आहेत म्हणून क्लब आहे." मिस्तरीनं त्याला स्टूल पुसून दिलं. घरी आल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बाई गं! सचिव आपण होऊन दारात येतो म्हणजे काहीतरी न्यायलाच येतो."

पुढच्या रविवारी पत्र्याच्या दाराला साखळी होती. साखळीवर पाटी: प्रेक्षकांच्या मागणीनुसार, प्रेक्षकांच्या सुरक्षेसाठी, हा स्टँड बंद करण्यात आला आहे. सातशे माणसं पाटीसमोर उभी. आत शिटी वाजली, सामना सुरू झाला, आणि बाहेरच्यांना नुसता चेंडूचा आवाज येत राहिला.

"डागडुजी होईपर्यंत बंद असेल," मिस्तरी म्हणाला.

महिनाभरानं क्लबच्या काचेच्या फलकावर चित्र लागलं. पत्र्याच्या जागी दुकानांची रांग, वर काचबंद खोल्या, खोल्यांत हसणारी माणसं. सचिवानं वर्तमानपत्रात सांगितलं की ही जागा मोकळी करायचा विचार जुनाच होता, पण लोक तिथं उभे राहतात म्हणून परवानगी अडली होती. आता लोकांनीच पुढाकार घेतला. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही. कुत्रं आपणच शीळ घालून बोलावलं होतं.

भाऊजींना सगळं कळलं ते वर्तमानपत्रातूनच. मिस्तरी त्यांच्याकडे गेला. पत्राची नक्कल पेपरात छापली होती आणि भाऊजी ती चष्मा लावून, खिळा तपासावा तशी, ओळ ओळ वाचत होते.

"तू ठोकून पाहिलं होतंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग? काय निघालं?"

"तीन खांब, भाऊजी. बुडाशी."

"आणि नववा?"

"घंटेसारखा वाजला."

भाऊजींनी चष्मा काढला. "मग तीनच लिहायचे होते," ते म्हणाले. ते रागावले असते, हातातला पेपर फेकला असता, तर मिस्तरीनं पाय धरले असते. पण ते उठून चहाचं आधण ठेवायला गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मिस्तरी खुर्चीत बसून राहिला. बहिणीच्या फोटोकडे त्याला बघवेना.

पत्रा पाडायच्या परवानगीची सुनावणी क्लबच्या सभागृहात, दुपारी तीनला ठेवली होती. टेबलाच्या मागे शहराचा इंजिनिअर, शेजारी सचिव. मालक आलाच नाही. पत्र्याखालची दीडशे-दोनशे माणसं विटकरी खुर्च्यांवर अवघडून बसली होती. उभं राहायची सवय असलेल्या माणसांना खुर्चीत ओरडता येत नाही. मिस्तरीनं आदल्या दिवशीच बायकोला सांगितलं होतं की तो उद्या खरं सांगणार आहे. ती म्हणाली, "परवाना जाईल हो." तो म्हणाला, "जाऊ दे." तिनं त्याच्या धुवट शर्टाला इस्त्री करून ठेवली.

त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला आणि एका दमात बोलून गेला. "त्या पत्रात मी खोटं लिहिलंय. बावीसपैकी तीन खांब खराब आहेत. चार दिवसांचं काम आहे. बाकी स्टँड ठणठणीत आहे. डागडुजी व्हावी म्हणून मी वाढवून लिहिलं. चूक माझी आहे. त्याची शिक्षा मला करा, पत्र्याला करू नका."

सचिवाच्या जिभेवर खडीसाखर होती. "मिस्तरी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण मला एवढंच सांगा, खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

मागे दोनचार जण हसले. आपलेच होते.

"आता खरं बोलतोय. तसं लिहून देतो. सही करतो."

इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. त्यानं डोळे चोळले आणि म्हणाला, "अहो, तुमचीच सही तुम्ही आता बाद केलीत. दुसरी मी कुठल्या तोंडानं घेऊ? आणि धोका आहे असा कागद एकदा माझ्या टेबलावर आला, की धोका नाही असं म्हणणारा माणूस मला या शहरात मिळणार नाही. उद्या कुणाच्या डोक्यावर पत्रा पडला तर?"

"पडणार नाही."

"ते मला आणि तुम्हाला माहीत आहे," इंजिनिअर हळूच म्हणाला. मग त्यानं पुढचा कागद उचलला.

मिस्तरीनं न्हाव्याकडे पाहिलं. न्हावी उठला. मिस्तरीला वाटलं, आता हा सांगेल, मजकूर माझा होता, हात त्याचा होता. न्हाव्यानं घसा साफ केला. "मंडळाला लोखंडातलं काही कळत नाही. आम्ही जाणकार माणसाच्या शब्दावर विसंबून राहिलो," एवढं म्हणून तो खाली बसला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवला, पण रक्त काढलं ते त्या दिवशी. बरं, त्याला तरी किती दोष द्यावा? त्याला दुकान होतं, आणि मंडळाचं अध्यक्षपद सोडून दुसरी हौस नव्हती. मोठ्या चोरांपर्यंत हात पोचत नाही तेव्हा माणसं शेजारच्याचा खिसा धरतात.

परवाना सहा महिन्यांसाठी गेला. तेवढ्यात मोसम संपला. क्लब शेवटून दुसरा आला आणि मालक म्हणाला, ही नव्यानं उभारणीची संधी आहे.

उन्हाळ्यात पत्रा उतरवायला सुरुवात झाली. मिस्तरीला काम नव्हतंच. तो रोज चारच्या सुमारास मैदानाच्या तारेच्या कुंपणाशी जाऊन उभा राहायचा. पहिल्या दिवशी त्यानं पाहिलं की वीस पावलांवर भाऊजी उभे आहेत, कुंपणाला टेकून, दुखरा पाय उचलून. त्यानं मान हलवली. त्यांनीही हलवली. दुसऱ्या दिवशी तसंच. मधली वीस पावलं कुणी चाललं नाही. निघताना भाऊजी डावीकडे जायचे, तो उजवीकडे. पूर्वी त्या वळणावर "रविवारी ये रे" म्हणायची पद्धत होती. आता पश्चिमेच्या स्टँडमध्ये नंबराच्या खुर्च्या मिळत होत्या. मिस्तरीनं चौकशी केली होती, पण दोन खुर्च्या शेजारी शेजारी मिळायच्या नाहीत, आणि भाऊजींना गुडघा दुमडून दोन तास बसता येत नव्हतं. त्यानं त्यांना विचारलंच नाही.

पाचव्या दिवशी छप्पर गेलं, मागची पत्र्याची भिंत गेली, आणि नुसते बावीस खांब आभाळाखाली उरले. गॅस कटरवाला परगावचा होता. पुढच्या दिवशी मिस्तरी पोचेपर्यंत पहिले तीन खांब कापून झाले होते. सडक्या चौथ्या खांबाला त्यानं ज्योत लावली आणि खांब मुकाट्यानं आडवा झाला. मिस्तरीच्या मनात क्षणभर एक वेडी आशा येऊन गेली, की बाकीचेही असेच निघावेत. कानांनी फसवलं असेल, लोखंड खरंच आतून सडलेलं असेल, आणि आपण लिहिलं ते चुकून खरं असेल. मग निदान पत्रा आपल्यामुळे गेला नाही असं म्हणता येईल. आपल्याच पत्र्याचं वाईट चिंतताना त्याला लाज वाटली, पण तो चिंतत राहिला.

पाचवा खांब कापायला लागलेला वेळ त्याला बघवला नाही. सहावा, सातवा, आठवा, एकेक तसाच. नवव्या खांबाशी कटरवाला थांबला, त्यानं चष्मा कपाळावर चढवला, सिलिंडर हलवून पाहिला. तो रिकामा होता. त्यानं दुसरा आणायला हाक मारली आणि घाम पुसत कुंपणाशी आला. जवळ भाऊजी होते, म्हणून त्यांनाच तो म्हणाला, "बाबा, तुम्ही इथलेच ना? मला सांगितलं होतं, सगळं सडलंय, दोन दिवसांत भुईसपाट होईल. अहो, हे अजून पन्नास वर्षं हललं नसतं. आतून बघा कसं चकचकीत आहे. कुणी दिलं हो लिहून, सडलंय म्हणून?"

वीस पावलांवर मिस्तरीला शब्दन् शब्द ऐकू आला. त्यानं तारेत बोटं अडकवली. भाऊजी काही बोलणार नाहीत असं त्याला वाटलं, आणि बोलले तर काय बोलतील तेही त्यानं मनात ऐकून घेतलं. गाढव. मूर्ख. घातकी. काहीही चाललं असतं.

"माझ्या मेव्हण्यानं," भाऊजी म्हणाले. "वेल्डर आहे तो. त्याला कळतं लोखंडातलं."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मिस्तरीनं आनंदानं सोसला असता. कटरवाल्यानं खांदे उडवले आणि तो परत गेला. भाऊजींनी पाय खाली टेकवला, मिस्तरीकडे एकदाही पाहिलं नाही, आणि ते वळून आपल्या घराकडे निघाले. दुसरा सिलिंडर आला. मिस्तरी तिथंच उभा राहिला, नववा खांब पुरता कापून होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी तो चारला गेला तेव्हा कुंपणाशी कुणीच नव्हतं.